होडीचा बंद कप्पा उघडता आला पाहिजे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे महिना निम्मा सरला की एक फोटो दरवर्षी आपल्या दैनिकात येतो. पाण्यात सोडलेली बोट, त्यात केशरी जॅकेट घातलेली माणसं, काठावर अधिकारी. खाली ओळ असते, पुराची पूर्वतयारी. तो फोटो मी चष्मा पुसून बघतो. इंजिन दिसतं, वल्ही दिसतात, दोराचं वेटोळं दिसतं. मला जे बघायचं असतं ते काही दिसत नाही. या बोटीत बसणाऱ्या माणसानं हातातली पिशवी ठेवायची कुठं? बोट पाण्यानं भरलीच तर तिला वर धरणारी हवा कुठल्या कप्प्यात आहे? आणि त्या कप्प्यात आज हवा आहे की पाणी, हे कुणी उघडून बघितलंय का? पत्र थोडं लांबेल, पण पावसाळ्याआधी ते छापलं जावं अशी विनंती आहे, कारण यातली कामं उन्हाळ्यातच होतात.

मी पॅटर्नमेकर. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात ४१ वर्षं फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न केले. वाळूत ज्या आकाराचा ठसा उठवून त्यात बीड ओततात, तो आकार आम्ही करायचा. बीड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, तेवढी वाढ मापात धरायची. वाळू न मोडता पॅटर्न वर निघावा म्हणून बाजूंना ढाळ द्यायचा. आणि आतला कोपरा कधी नुसता काटकोनात सोडायचा नाही, तिथं फिलेट भरायचं, म्हणजे गोलाई करायची. नाहीतर कास्टिंग नेमकं तिथंच तडकतं. हे सगळं सांगतोय ते एवढ्यासाठी, की होडी बांधायला बसलो तेव्हा समुद्राची काही माहिती नसतानाही माझ्या हाताला बरंच काम ओळखीचं निघालं.

होडीचा विषय डोक्यात शिरला २०१९ च्या ऑगस्टमध्ये. माझी थोरली बहीण, आक्का, चिखलीत राहते. प्रयाग चिखली म्हणजे जिथून पुढं नदीला पंचगंगा म्हणायचं ते गाव. पाणी चढायला लागलं की या गावाला आणि शेजारच्या आंबेवाडीला वेढा पडतो. ४ तारखेला, रविवारी, मी आक्काला आणि दाजींना घ्यायला गेलो. दोन म्हशी सोडून दाजी निघेनात. आज उतरेल, उद्या उतरेल, म्हणता म्हणता रस्ता गेला. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा धरतात आणि ४३ फुटांना धोका. त्या आठवड्यात पाणी ५५ फुटांच्या वर गेलं.

तिसऱ्या दिवशी आम्ही एका खासगी होडीतून निघालो. दाजींनी म्हशींची दावी सोडून त्यांना वरच्या अंगाला हाकललं आणि परत वळून बघितलं नाही. आक्कानं एका कापडी पिशवीत घरातलं महत्त्वाचं सगळं भरलं होतं. सातबारे, रेशन कार्ड, बँकेची पुस्तकं, दाजींच्या साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या, डॉक्टरांची चिठ्ठी. वरून प्लास्टिकची पिशवी गुंडाळून ते गाठोडं बसायच्या फळीखाली सरकवलं. होडीच्या तळाला घोटाभर पाणी होतं. एक पोरगं डब्यानं उपसत होतं, पण जेवढं उपसायचं तेवढं वरून पावसाचं भरायचं. कोरड्यावर उतरून पिशवी उघडली तेव्हा कागदांचा लगदा झाला होता. सातबारा पुन्हा निघतो, कार्डाची दुसरी प्रत मिळते. पण गोळ्यांची खोकी विरघळली होती, पाकिटावर पेनानं लिहिलेलं सकाळ-रात्र पुसून गेलं होतं आणि चिठ्ठीवर निळा डाग तेवढा उरला होता. आक्का ते सगळं पदरात घेऊन बसली होती. म्हणाली, "आप्पा, कागदं गेली तर गेली. पण ह्यांच्या कुठल्या गोळ्या सकाळच्या न् कुठल्या रातच्या, हे आता कुणी सांगायचं?"

दवाखाना पाण्यात, फोन पाण्यात. दोन दिवस दाजी गोळ्यांविना होते. त्यांना काही झालं नाही, पण ते दोन दिवस मी विसरलेलो नाही. एका डब्याएवढी कोरडी जागा त्या होडीत असती तर ते टळलं असतं.

टाळेबंदीत दुकान बंद राहिलं आणि मी होडीला हात घातला. लांबी ११ फूट, रुंदी ४ फूट, ६ मिलिमीटरचा प्लाय. प्लायबद्दल आधी सांगतो, कारण फसवणूक इथूनच सुरू होते. दुकानात कुठलाही प्लाय ‘वॉटरप्रूफ’ म्हणून दाखवतात. पाण्यातल्या कामासाठी मरीन प्लाय लागतो, त्यावर आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का असतो. त्याच्या चिकटवणीची परीक्षा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून घेतात. शिक्क्यावर माझा विश्वास बसेना, म्हणून तीन ठिकाणचे तुकडे आणून अंगणात चूल मांडून दिवसभर पातेल्यात उकळले. एकाचे पापुद्रे संध्याकाळपर्यंत पत्त्यांसारखे सुटे झाले. त्याच्यावरही शिक्का होता.

बांधायची रीत सोपी आहे. प्लायच्या फळ्या मापानं कापायच्या, कडेला बारीक भोकं पाडून तांब्याच्या तारेनं एकमेकींना टाके घालायचे. तार मी मोटार रिवाइंडिंगवाल्याकडून घेतली. होडीचा आकार आला की आतल्या सांध्यात इपॉक्सी (दोन भाग मिसळले की घट्ट होणारी चिकटवण) आणि लाकडाचा बारीक भुसा कालवून फिलेट भरायचं आणि त्यावर फायबर ग्लासची पट्टी बसवायची. ते फिलेट ओढायला मी घरातला मोठा चमचा वापरला, जसा पॅटर्नच्या कोपऱ्यात ४१ वर्षं ओढत आलो तसाच. पुढं नाळेला एक बंद कप्पा केला, सुमारे ९० लिटरचा, आणि मागं तेवढाच दुसरा. दोन्ही टोकांना का? एकाच टोकाला हवा ठेवली तर भरलेली होडी पाण्यात उभी राहते आणि तिला धरून राहिलेल्या माणसाच्या हातून सुटते. दोन्हीकडं सारखी हवा असली की ती आडवीच तरंगते. एक लिटर बंद हवा साधारण एक किलो वजन पेलते, म्हणजे दोन कप्पे मिळून १८० किलो. लाकूड स्वतः तरंगतं ते वेगळं.

मागच्या कप्प्याला मी विकतचं गोल फिरकीचं झाकण बसवलं. पुढचा कप्पा मात्र चारी बाजूंनी बंद केला. भोकच ठेवलं नाही तर पाणी शिरेल कुठून, असा माझा हिशेब. तो चुकला, आणि या पत्राचं मूळ कारण ती चूक आहे.

२०२१ च्या जुलैमध्ये पाणी दोन दिवसांत चढलं. राजाराम बंधाऱ्यावर ५६ फुटांच्या वर गेलं. आमच्या शुक्रवार पेठेतल्या गल्ल्यांत पाणी होतं. मी होडी नदीच्या धारेत एकदाही घातली नाही, ती त्या कामाची नव्हेच; उभ्या पाण्यातून गल्लीगल्लीत दूध, औषधं, पिण्याचं पाणी पोचवलं. चौथ्या दिवशी ती जड वाटायला लागली. वल्हं मारलं की नाळ मागून ओढल्यासारखी वळायची. पूर ओसरल्यावर आम्ही चौघांनी तिला उचलून तिरकी केली आणि आतून आवाज आला, खळखळ. २५ मिलिमीटरचं भोक पाडलं तर दीड बादली पाणी निघालं, काळं, वासाचं. टॉर्च लावून बघितलं तर आतल्या फळीला बुरशी धरली होती. एका टाक्याच्या जागी केसाएवढी फट राहिली होती, तेवढ्यातून महिनोन्‌महिने ओल शिरत गेली. उघडता येत नव्हतं, म्हणून कळलं नाही. कळलं नाही, म्हणून ज्या हवेच्या भरवशावर मी चार दिवस शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना गल्लीतून नेलं, ती हवा तिथं पुरती नव्हतीच.

अर्ध्या भरलेल्या कप्प्यातलं पाणी नुसतं वजन वाढवत नाही. गुऱ्हाळावर ज्यानं काम केलंय त्याला हे लगेच कळेल. काठोकाठ भरलेली घागर उचलून नेता येते, पण परातीत अर्धं पाणी घेऊन चालून बघा. जिकडं कलेल तिकडं सगळं पाणी धावतं आणि आणखी कलवतं. होडीच्या पोटात तेच होतं. एक माणूस एका बाजूला वाकला की आतलं पाणी त्याच बाजूला जातं. आपल्याकडं पुरात गुऱ्हाळाच्या काहिली पाण्यात घालून माणसं काढायची रीत आहे, त्या काहिलींनी किती माणसं वाचवली हे चिखली-आंबेवाडीला विचारा. पण काहिलीलाही हाच धोका. ती पत्र्याची, तिला कप्पा नाही. एकदा काठावरून पाणी आत आलं की ते सगळं एका बाजूला जातं आणि काहील तळाला.

म्हणून होडीच्या बंद कप्प्याला झाकण हवं. सामान ठेवायला हवंच, पण त्याहून आधी आत बघायला, पुसायला, वाळवायला हवं. आणि ते पाणी न शिरू देणारं हवं, कारण गळकं झाकण म्हणजे आपण आपल्या हातानं पाडलेलं भोक. हे कसं करायचं ते मी दोनदा केलं, पहिल्यांदा चुकीचं.

पहिल्यांदा डेकला, म्हणजे कप्प्याच्या वरच्या फळीला, चौकोनी भोक पाडलं, वर ६ मिलिमीटर प्लायचं सपाट झाकण, मध्ये गाडीच्या दाराला असतं तसलं रबर, चार कोपऱ्यांना हातानं आवळायचे चार विंगनट. दिसायला देखणं. अंगणात पाइपनं पाणी मारलं तर दहा मिनिटांत आत तांब्याभर पाणी. का, ते शोधायला उद्यमनगरातलीच युक्ती वापरली. दोन पृष्ठं नीट बसतात की नाही हे बघायला तिथं ब्ल्यू लावतात, म्हणजे एका बाजूला निळा रंग पुसायचा, दाबायचं आणि दुसरीकडं कुठं उमटला ते बघायचं. मी रबराला ब्ल्यू लावला. कोपऱ्यांत गडद उमटला, दोन कोपऱ्यांच्या मध्ये काहीच नाही. नट आवळावे तसे कोपरे खाली बसायचे आणि पातळ झाकण मध्ये कमानीसारखं वर उचलायचं. जितकं आवळाल तितकं जास्त गळणार.

दुसऱ्या वेळी सगळं बदललं.

भोकाच्या कडेनं आधी उंबरा उभा केला, ४० मिलिमीटर उंचीचा. घराला उंबरा असतो तो याच कामाचा, अंगणातलं पाणी थेट आत येऊ नये म्हणून. डेकवर साचलेलं पाणी आता रबरापर्यंत पोचायच्या आधी बाजूनं वाहून जातं. भोक ३०० बाय २२० मिलिमीटरचं, जेवणाचा चार पुडाचा डबा आडवा आत जाईल एवढं. चारी कोपरे गोल केले, रुपयाच्या नाण्यापेक्षा बऱ्याच मोठ्या गोलाईचे. कोपरा टोकदार ठेवला तर प्लाय तिथून फाटत जातो. बिडाला जो नियम तोच लाकडाला. डेकच्या खालून भोकाभोवती १२ मिलिमीटर प्लायची चौकट चिकटवली, कारण भोक पाडल्यावर डेक कमजोर होतो आणि पुरात त्यावर कुणीतरी पाय देणारच.

प्लायची कापलेली कड पाणी पिते, सपाट बाजू पीत नाही तितकी. त्या कडेला इपॉक्सीचे तीन हात द्यायचे, पहिला हात लाकूड पिऊन टाकतं म्हणून लगेच दुसरा. स्क्रूच्या भोकांचंही तेच. ४ मिलिमीटरच्या स्क्रूसाठी आधी ८ मिलिमीटरचं भोक पाडायचं, ते इपॉक्सीनं बुजवायचं, घट्ट झाल्यावर त्यात बारीक भोक पाडून स्क्रू बसवायचा. म्हणजे स्क्रूच्या वाटेनं पाणी आलं तरी लाकडाला लागत नाही. हे किचकट वाटतं म्हणून लोक टाळतात, आणि दोन पावसाळ्यांनी त्या स्क्रूभोवतीच काळं वर्तुळ दिसायला लागतं.

आता रबर. स्पंज दोन जातीचा येतो. एकाची भोकं एकमेकांत उघडी असतात, तो दाबला की पाणी पितो, भांडी घासायच्या स्पंजासारखा. दुसऱ्याच्या आतली हवा बंद बुडबुड्यांत असते, तो पीत नाही. ईपीडीएम रबराचा बंद बुडबुड्यांचा स्पंज घ्यायचा, माझा १० मिलिमीटर जाडीचा आहे. तुकडा पाण्यात बुडवून पिळून बघितला की दुकानातच समजतं कुठल्या जातीचा आहे. रबराची पट्टी झाकणाच्या खालच्या खोबणीत बसवली आणि उंबऱ्याची वरची कड ५ मिलिमीटरपर्यंत निमुळती केली, म्हणजे ती धार रबराच्या मधोमध रुतते. सपाटावर सपाट दाबलं तर २० मिलिमीटर पट्टीवर जोर पसरतो. तोच जोर ५ मिलिमीटरवर आला की चौपट होतो. पण रबर फार दाबलं तर मरतं, पुन्हा वर येत नाही. जाडीच्या पाव ते तिसरा भाग दाबला जावा इतपत झाकण खाली येऊ द्यायचं, त्यापुढं येऊ नये म्हणून आतल्या बाजूला लाकडी ठोकळ्या लावल्यात. पट्टीचा जोड कोपऱ्यात आणायचा नाही, सरळ बाजूवर तिरका कापून चिकटवायचा.

झाकण १२ मिलिमीटरचं, पोटाला दोन पट्ट्या मारून ताठ केलेलं. नटांऐवजी टॉगल क्लॅम्प, म्हणजे दांडी दाबली की आवळणारे खटके, एकूण सहा, दर सहा-सात इंचाला एक. अंधारात, पावसात, थंडीनं बोटं आखडलेली असताना नट फिरवत बसायची वेळ येऊ नये. स्टेनलेस ३०४ नदीच्या पाण्याला पुरतं. समुद्राच्या खाऱ्या पाण्याला ३१६ लागतं. आणि झाकणाला हातभर दोरी, आतल्या कडीला बांधलेली. पुरात हातातून सुटलेलं झाकण परत मिळत नाही.

मागच्या कप्प्याचं विकतचं गोल झाकण मी काढलं नाही. त्यात ओ-रिंग, म्हणजे रबरी कडं, असते, चार बोटं ग्रीस लावून फिरवलं की छान बसतं. त्यातलं ६ इंची घेतलं तर हात जातो पण डबा जात नाही, म्हणून सामान ठेवायचं असेल तर ८ इंची घ्यावं. एकानं मला विचारलं, निळ्या पिंपाची मान कापून चिकटवली तर? ते प्लास्टिक एचडीपीई असतं, त्याला इपॉक्सी धरत नाही. वरून चिकटल्यासारखं वाटतं आणि एका झटक्यात पापुद्र्यासारखं सुटतं. ती मान बसवायचीच तर सीलंट लावून, भोवतीनं बोल्ट मारून बसवावी लागेल.

तपासणी घरच्या घरी होते. कप्प्याला छोटं नळीचं तोंड ठेवायचं, त्याला सायकलचा पंप आणि गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हलची नळी जोडायची, नळीत पाणी घालून. पंप हळूच मारला की नळीतलं पाणी एका बाजूनं वर चढतं. ५ सेंटिमीटर चढलं की थांबायचं. जास्त मारण्याचा मोह होतो, पण हिशेब करून बघा. १० सेंटिमीटर पाण्याचा दाब म्हणजे ६० बाय ६० सेंटिमीटरच्या फळीवर ३६ किलोचा रेटा. चिकटवलेला सांधा त्यानं उकलू शकतो. ५ सेंटिमीटरवर थांबून झाकणाच्या कडेनं साबणाचं पाणी ब्रशनं फिरवायचं. बुडबुडा आला तिथं गळती. पाच मिनिटांत नळीतली पातळी हलली नाही तर कप्पा बरोबर. माझा पहिल्या खेपेला नाही टिकला, एका क्लॅम्पखाली रबर सरकलं होतं. दुसऱ्या खेपेला टिकला.

एक गोष्ट उलटी वाटेल. कप्पा असा पक्का झाला की त्याला अगदी बारीक, मिलिमीटरभराचं भोक पाडावं लागतं, वरच्या अंगाला, होडीच्या आतून कप्पा बंद करणाऱ्या फळीत. उन्हात तापलेली होडी थंड पाण्यात उतरवली की आतली हवा आकसते. ४५ अंशांवरून २५ वर आली तर ९० लिटरांतली सुमारे साडेपाच लिटर जागा रिकामी होते, आणि ती ओढ रबराच्या फटीतून पाणी आत खेचते. भोकातून तेवढी हवा येऊन जाते. दाबाची तपासणी करताना त्यावर चिकटपट्टी लावायची. झाकण पांढरं रंगवायचं, म्हणजे आतली औषधं तापत नाहीत. आणि होडी जागेवर ठेवली की दोन्ही झाकणं उघडी. बंद ओलीत प्लाय कुजतो, वाऱ्यात कुजत नाही.

इपॉक्सीचं काम पावसाळ्यात करू नका. दमट हवेत त्यावर मेणचट थर येतो, तो पाण्यानं घासून धुतला नाही तर पुढचा हात धरत नाही. मार्च ते मे हा काळ बरा, मात्र मेमध्ये एका वेळी थोडंच कालवायचं. मी एकदा पेल्यात पावशेर कालवलं, पाच मिनिटांत पेला हाताला चटका देईल इतका तापला आणि धूर निघाला. पसरट ताटलीत ओतलं की वेळ मिळतो. हातमोजे घालाच.

आता माझं मागणं. गावोगावी ज्या फायबरच्या, पत्र्याच्या, लाकडी होड्या पुरासाठी ठेवलेल्या आहेत, त्यातल्या प्रत्येकीचे बंद कप्पे या महिन्यात उघडले जावेत. उघडता येत नसतील तर भोक पाडून झाकण बसवावं. फायबरला हीच रीत चालते, पत्र्याला उंबरा वेल्डिंगनं बसतो, आमच्या उद्यमनगरात ते अर्ध्या दिवसाचं काम आहे. ज्या होडीला कप्पाच नाही, तिथं निदान कडं आवळायचं तोंड असलेलं एक छोटं पिंप फळीखाली पक्कं बांधावं, आणि पहिलं सामान त्यात औषधांचं जावं. नुसतं ठेवू नये, बांधावं. उलटलेल्या होडीतून सुटं पिंप वाहून जातं. आणि कप्पे चांगले आहेत म्हणून दोन माणसं जास्त घेऊ नयेत. ती हवा अपघातासाठी राखलेली आहे, रोजच्या भाराची नव्हे. २०१९ मध्ये पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला जास्त माणसं घेतलेली बोट उलटून काय झालं ते कृष्णाकाठ विसरलेला नाही.

आपल्या आयटीआयमध्ये सुतारकाम, फिटर, वेल्डर शिकणारी मुलं आहेत. दर वर्षी त्यांनी चार होड्यांची झाकणं केली तरी किती गावं होतील.

आपल्याकडंही एक मागणं आहे, म्हणून हे पत्र आपल्याला. इंग्लंडमध्ये डेली मिरर या वृत्तपत्रानं १९६३ मध्ये सामान्य माणसाला घरी बांधता येईल अशी एक छोटी होडी लोकांपुढं आणली. जॅक होल्ट आणि बॅरी बकनेल यांनी ती आखली होती. तांब्याच्या तारेचे टाके, इपॉक्सी नव्हे पण राळ आणि काचेच्या धाग्याची पट्टी, हीच रीत. लांबी १० फूट १० इंच, आणि हवेचे बंद कप्पे तिच्या अंगातच बांधलेले. वृत्तपत्राच्या नावावरून तिचं नाव मिरर पडलं आणि पुढं अशा ७० हजारांवर होड्या झाल्या. मी आपल्याकडं होडी मागत नाही. अर्धं पान मागतोय. झाकणाचं आणि उंबऱ्याचं चित्र खऱ्या मापात, आडव्या छेदासकट छापा, म्हणजे पान कापून प्लायवर ठेवून पेन्सिल फिरवली की झालं. ३०० बाय २२० चं भोक आपल्या अर्ध्या पानात बसतं, मी मोजून बघितलंय.

चित्र मी काढून ठेवलं आहे. झाकणाचा पॅटर्नही करून ठेवला आहे, सागवानी, त्यावरून कुणालाही गिरवून नेता येईल. मागच्या उन्हाळ्यात चिखलीच्या दोन पोरांनी येऊन गिरवून नेला, त्यांच्या होडीला झाकण बसलं. आक्कानं त्या होडीसाठी एक डबा दिलाय, आत दाजींच्या गोळ्यांची यादी पेन्सिलीनं लिहून ठेवलीय, पेनानं नाही. माझा पत्ता आपल्या कार्यालयात देऊन ठेवतो. कुणी विचारत आलं तर कृपया द्यावा. रविवारी सकाळी नऊनंतर मी दुकानातच असतो. येताना आपल्या कप्प्याची आतली खोली मोजून आणावी.

आपला,
एक निवृत्त पॅटर्नमेकर
शुक्रवार पेठ, कोल्हापूर
(नाव छापू नये, ही विनंती)